हापशावरून आणलेलं नाव

मी नाटकात एकूण सात वर्षं काम केलं. त्यातल्या पहिल्या तीन वर्षांत मला रंगमंच मिळालाच नाही. देवळासमोरची मोकळी जागा, शाळेचं पटांगण, ग्रामपंचायतीचा ओटा, एकदा तर बैलबाजार, असे चारशे अकरा प्रयोग केले. हा आकडा अंदाजाचा नाही. त्या काळात मी वही ठेवत होते. प्रत्येक प्रयोगाची एक ओळ असायची. गाव, तालुका, माणसं किती, मिनिटं किती आणि लोक किती वेळा हसले. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते, आज लातूरच्या एका शाळेत गणितच शिकवते. मोजल्याशिवाय मला एखादी गोष्ट झाली असं वाटत नाही.

लोक विचारतात, नाटकातले गमतीचे दिवस सांगा. दोन मुलांची आई, गणिताची बाई, ही कधी टमरेल हातात घेऊन चारचौघांत पळत होती, याची त्यांना गंमत वाटते. गंमत होतीही. ती आधी सांगते, कारण नंतरचं सांगताना जमणार नाही.

आमचं चौघांचं कलापथक नांदेडचं. सोपानमामा ढोलकी वाजवत आणि पथक चालवत. नामदेव माझ्या नवऱ्याचं काम करायचा. पेटीवर एक गुरुजी होते, ते फारसं बोलत नसत. सरकारी योजनांचा प्रचार करायचं काम आम्हाला मिळायचं. पोलिओ, पाणी, आणि ज्या काळाबद्दल मी लिहिते आहे त्या काळात, म्हणजे साधारण सोळा वर्षांपूर्वी, घरोघरी संडास. जीपमध्ये ढोलकी, पेटी, एक भोंगा आणि आम्ही. दिवसाला दोन गावं. प्रयोग संपला की ग्रामसेवकाचा सही-शिक्का घ्यायचा. शिक्का नसेल तर प्रयोग झालाच नाही असं धरलं जायचं, मग आम्ही कितीही घसा फोडलेला असो.

नाटक चाळीस मिनिटांचं. नवी सून सासरी येते, घरात संडास नाही. ती हट्ट धरते. नवरा संडास बांधतो खरा, पण त्यात गोवऱ्या भरून ठेवतो आणि बायकोला पुन्हा टमरेल घेऊन रानात पाठवतो. ती माहेरी निघून जाते. शेवटी तो गोवऱ्या बाहेर काढतो आणि तिला परत आणतो. गोवऱ्यांचा प्रसंग सगळ्यात जास्त हशे घ्यायचा, कारण गावोगाव ते खरंच घडत होतं. संडास बांधलेले असायचे आणि आत सरपण, कडबा, कोंबड्या असायच्या.

शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात प्रयोगानंतर एक म्हातारी मला हाताला धरून घरी घेऊन गेली. भाकरी आणि ठेचा वाढला आणि म्हणाली, "खाऊन घे आन् जा बाई नवऱ्याकडं. संडासापायी कुनी नांदायचं सोडतंय का?" मी म्हणाले, "आजी, ते नाटक होतं." ती म्हणाली, "हाव, माझ्या लेकीनंबी असंच सांगितलं हुतं. तीन साल झाली, माहेरीच बसलीय." मी भाकरी खाल्ली आणि नवऱ्याकडे जाते म्हणून सांगून निघाले. नामदेव जीपमध्ये वाट बघत होता. "आलीस का नांदायला?" म्हणाला.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

लिहिलेल्या नाटकात नवऱ्याचं नाव सखाराम होतं. पण आम्ही ते कधी वापरत नसू. प्रत्येक गावात गेल्यावर त्या गावातल्याच एका माणसाचं नाव घ्यायचं आणि नवऱ्याला ते द्यायचं. पूर्ण नाटकात ते नाव चौदा वेळा येई. पहिल्यांदा ते उच्चारलं की सगळ्या माना त्या माणसाला शोधायला वळायच्या, आणि तिथेच पहिला हशा. तो माणूस लाजायचा, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारायचा, दुसरा हशा. एका आठवड्यात मी सात प्रयोग गावच्या नावाने आणि सात सखारामच्या नावाने करून घेतले. सखारामला सरासरी अकरा हशे, गावच्या नावाला एकोणीस. सोपानमामा म्हणाले, "पोरी, हे तुझ्या वहीशिवायबी मला माहीत हुतं."

नाव आणायचं काम माझं. पुरुषांनी हॉटेलात विचारलं की लोक विरुद्ध पार्टीच्या माणसाचं नाव सांगायचे आणि भांडणं व्हायची. बायकांना खरं माहीत असतं. म्हणून मी हापशावर जायची. पाणी भरणाऱ्या बायांशी बोलायची, एकदोन घागरी हापसून द्यायची आणि नाव घेऊन यायची. त्यासाठी मी स्वतः तीन नियम केले होते. ज्याच्या घरी दुःख आहे, किंवा जो गावात आधीच चेष्टेचा विषय आहे, त्याचं नाव घ्यायचं नाही. एकच नाव दोन ठिकाणी विचारून घ्यायचं. आणि शक्य झालं तर त्या माणसाला भेटून सांगायचं की आज तुम्ही आमचे सखाराम. हे तीन नियम मी तीन वर्षं पाळले. एका दिवशी पाळले नाहीत.

ते गाव कंधार तालुक्यातलं. नाव लिहीत नाही.

नांदेडच्या एका हौशी नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक त्या दिवशी मला बघायला येणार होते. त्यांना स्पर्धेच्या नाटकासाठी बाई हवी होती. पडदा, दिवे, विंगा असलेल्या खऱ्या नाटकासाठी. नांदेडमध्ये नाटकात काम करायला तयार असलेल्या मुली तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, तरी मला कुणी विचारलं नव्हतं. कलापथकातली म्हणजे ओरडणारी, असा समज होता. तीन वर्षं मी अशा माणसाची वाट बघत होते. ते म्हणाले होते, "मी कंधारला कामाला येतोय. जाताना तुमचा प्रयोग बघेन. बाकी कुठे थांबायला मला वेळ नाही."

वाटेत जीप पंक्चर झाली. पाच वाजता प्रयोग, आणि आम्ही गावात पोचलो साडेचारला. सोपानमामा म्हणाले, "आज सखारामच ऱ्हाऊ दे. टाइम न्हाई."

मी म्हणाले, "नाही. आज सखाराम चालणार नाही."

मी हापशावर धावत गेले. पाच बाया होत्या. मी घागर हापसायला घेतली आणि विचारलं, "मावशी, तुमच्या गावात संडासावरून सगळ्यात जास्त नाव कुणाचं निघतं?"

पाचही जणी हसल्या. एक म्हणाली, "मारोती आबाचं की. दुसरं कुनाचं निगल?"

दुसरी म्हणाली, "आबा म्हंजी आबाच. जो येईल त्याला घेऊन जातोय दाखवायला."

"त्यांना राग नाही ना यायचा, नाव घेतलं तर?"

"न्हाई गं बाई, लई खुश होतील."

माझ्या प्रश्नाला मला हवं ते उत्तर मिळालं. आबा लोकांना काय दाखवायला नेतात, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारायला देवळाच्या पाराजवळ जावं लागलं असतं. जाऊन येऊन सहा मिनिटं. मी गेले नाही. मारोती आबाच्या घरीही गेले नाही. पळत परत आले आणि नामदेवला सांगितलं, "आज तू मारोती."

त्या दिवशी एकतीस हशे झाले. चारशे अकरा प्रयोगांत एवढे कधी झाले नव्हते, आधीही नाही, नंतरही नाही. गोवऱ्यांच्या प्रसंगात तर नामदेवला दोनदा थांबावं लागलं. तो गोवऱ्या संडासात रचत होता आणि मी ओरडत होते, "अहो मारोती, बायकोला बसायला जागा ठेवा थोडी." लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. पुढे खुर्च्यांवर पाच पाहुणे बसवले होते. पांढरे कपडे, टोप्या, परगावची माणसं दिसत होती. ते हसत नव्हते, एवढं माझ्या लक्षात आलं. मी मनात म्हटलं, शहरातले असतील, किंवा अधिकारी. पाचव्यांदा नाव आलं तेव्हा त्यातला एक उठला. नवव्यांदा आलं तोवर पाचही खुर्च्या रिकाम्या होत्या. दिग्दर्शक सर मागे कडुलिंबाखाली उभे राहून हसत होते. माझं सगळं लक्ष तिकडे होतं.

प्रयोग संपल्यावर मी जीपमागे लुगडं बदलून त्याची घडी घालत होते. एक साठीचा माणूस येऊन उभा राहिला. धोतर, नवा सदरा. सदऱ्याच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"बाई, मी मारोती."

मी हसून म्हणाले, "आबा, राग नाही ना आला?"

ते म्हणाले, "माझं नाव घेण्याआधी घरी यायचं होतं. दोनशे पावलांवर हाय घर. माझ्या घरी संडास हाय. दोन महिने झाले बांधून. गावात दुसरा. गोवऱ्या न्हाईत त्यात. मी आन् माझा पोरगा रोज वापरतो."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. घरात बाई नव्हती. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा बालाजी पिठाची गिरणी चालवायचा, एकोणतीस वर्षांचा. बाईमाणूस नसलेल्या घरात मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून त्यांनी सून यायच्या आधीच संडास बांधला होता, आणि येईल त्याला तो दाखवत होते, कारण सोयरीक जुळायला तोच एक आधार होता. त्या दिवशी औशाकडचे पाच जण घर बघायला आले होते. शेजारणीने पुरणाच्या पोळ्या लाटल्या होत्या. घर बघून झालं होतं, संडासही दाखवून झाला होता, बोलणी बाकी होती. तेवढ्यात सरपंचांचा निरोप आला की गावात कार्यक्रम आहे, पाहुण्यांना घेऊन या, मानाने पुढे बसवतो.

"पाव्हणे उठून गेले," ते म्हणाले. "जेवले न्हाईत. फाट्यावर बसची वाट बघत उभे हायेत."

मी म्हणाले, "मी सांगते त्यांना. नाटक आहे ते. लिहिलेलं आहे आधीच. तुमचं फक्त नाव..."

"नाटक हाय हे त्यांनाबी माहीत हाय, बाई. नाव खरं हाय की."

फाटा एक किलोमीटरवर होता. जीप उभी होती. मी म्हणाले, "चला, आत्ता जाऊ." मी खरंच म्हणाले, हे इथे लिहायला हवं. तेवढ्यात सोपानमामा आले. "मंगल, सर सरपंचाच्या घरी च्या प्यायला बसलेत. दहा मिनिटात निघून राहिलेत. आधी तिकडं ये."

मी आबांना म्हणाले, "दहा मिनिटं थांबा. आलेच."

ते म्हणाले, "थांबतो."

सरांनी मला दोन पानं वाचायला लावली. आवाज खाली घे म्हणाले, पुन्हा वाच म्हणाले. मग म्हणाले, "सोमवारपासून तालमीला या." सोपानमामांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. सरपंचांनी पेढे मागवले. गुरुजी, जे कधी बोलत नसत, ते म्हणाले, "आमच्या पोरीचं सोनं झालं." मी कुठे जाणार होते ते मला आठवलं तेव्हा जीप नांदेडच्या रस्त्याला लागली होती आणि आमच्या हातात शिक्का मारलेला कागद होता.

पुढे कधीतरी मी त्या मार्गाचं वेळापत्रक पाहिलं. प्रयोग संपला पाच चाळीसला. लातूरकडची बस फाट्यावर यायची साडेसहाला. लुगडं बदलण्यात आणि आबांशी बोलण्यात पाच मिनिटं गेली, सरांच्या कामाला पंधरा, पेढ्यांना दहा. तीस मिनिटं जरी गेली तरी वीस उरत होती, आणि फाटा जीपने तीन मिनिटांवर. मला दोन्ही करता आलं असतं. संधी की माणूस, असा प्रश्न त्या दिवशी नव्हताच. तसा असता तर निदान काहीतरी निवडलं असं म्हणता आलं असतं. मी फक्त विसरले.

स्पर्धेच्या नाटकात मला अभिनयाचं बक्षीस मिळालं. नांदेडमध्ये सत्कार झाला, शाल मिळाली. सत्काराला नामदेव आला होता. पथक अजून चालू होतं, माझ्या जागी दुसरी मुलगी आली होती. गप्पा निघाल्या तशी मी म्हणाले, "एकतीस हशे परत झाले का रे कुठे?"

तो म्हणाला, "त्या गावात गेलतो मागच्या महिन्यात. पान्याचं नाटक घेऊन. मारोती आबाला आता सगळे गोवऱ्याच म्हनून राहिलेत, मंगल. लहान लेकरंबी. बालाजीनं गिरणी बंद केली, पुण्याला गेला. कंपनीत हाय म्हनं."

"लग्न?"

"कुठलं लग्न."

त्या प्रयोगाला तेव्हा चौदा महिने झाले होते. चौदा महिन्यांत मी एकदाही गेले नव्हते. पुढच्या रविवारी औशाला गेले. ग्रामसेवकाकडून पाहुण्यांचा पत्ता मिळाला होता. मी मनाशी हिशेब केला होता की त्यांना खरं सांगायचं. मुलीचं अजून जमलं नसेल तर काही होऊ शकेल.

मुलीचे वडील घरीच होते. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. संडास खरा होता, गोवऱ्या नव्हत्या, नाव मी हापशावरून आणलं होतं, चूक माझी एकटीची.

ते म्हणाले, "ताई, संडास आम्ही बघितला हुता की. आत जाऊन बघितला. चांगला बांधलेला. गोवऱ्याचं आम्हाला काहीच न्हाई वाटलं."

"मग तुम्ही उठून का गेलात?"

"आख्खं गाव हसून राहिलं हुतं त्या माणसाला. एकबी जण म्हनला न्हाई, की थांबा, पाव्हणे बसलेत. सरपंचबी हसला. ज्या गावात बापाची अशी किंमत, तिथं लेक कशाला द्यावी? उद्या तिच्यावर कायी बेतलं तर कोन उभं ऱ्हाईल?" मग म्हणाले, "पोरीचं झालं लगीन. दिवाळीनंतर. बरं हाय सगळं."

मी बसमध्ये बसले तेव्हा माझ्याकडे तो एकतीसचा आकडा होता आणि त्याचा अर्थ पहिल्यांदाच कळला होता. मला वाटत होतं लोक माझ्या कामाला हसले. काही हशे माझे असतीलही. बाकीचे एका माणसाचे होते, आणि ते मी त्याला न विचारता वाटले होते. बायांनी मला खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी कौतुकाने एक नाव दिलं होतं. ज्याने ऐकलं, बांधलं, वापरलं, त्याच माणसाला आमच्या प्रचाराने गावभर न ऐकणारा ठरवलं. त्या प्रयोगाचाही शिक्का मिळाला होता.

तशीच पुढच्या बसने आबांच्या गावाला गेले. दुपार होती. दोनशे पावलं खरी होती. आबा ओसरीत एकटे कापूस निवडत बसले होते. मला ओळखलं. "या," म्हणाले, आणि स्वतः उठून चहा टाकला. घरात अजूनही बाई नव्हती. परसात संडास दिसत होता. पत्र्याच्या दाराला निळा रंग, बाहेर बादली, बादलीत पाणी. ते अजून वापरत होते. गाव काय म्हणतं ते ऐकूनही वापरत होते.

मी माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यात मागितली, बसमध्ये पाठ करून ठेवली होती तशी. फाट्यावर आले नाही हेही सांगितलं. औशाला जाऊन आले ते सांगितलं नाही. तिथे जे ऐकलं ते त्यांना सांगून काय मिळणार होतं? त्यांच्याच गावाने काय केलं ते त्यांना माझ्याकडून कळायला नको होतं. किंवा ते त्यांना माझ्या आधीच माहीत होतं.

ते चहा पीत होते. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "ते सर मिळाले का मग तुम्हाला? तुम्ही गेलत्या त्यांच्याकडं."

मी म्हणाले, "मिळाले. बक्षीस मिळालं."

"बरं झालं. कुनाचं तरी झालं."

यात टोमणा होता की नव्हता, ते मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर मी आणखी तीन वर्षं स्टेजवर होते. लोक म्हणतात लग्नामुळे सोडलं. लग्नानंतरही नाटकाला घरातून कुणाची हरकत नव्हती. पण लोक हसले की मी कामाच्या मध्येच समोर बघायला लागले होते, की कोण हसत नाही. दिग्दर्शकांनी दोनदा सांगितलं, मंगलबाई, तुमची नजर भरकटते. तिसऱ्यांदा सांगायची वेळ मी येऊ दिली नाही.

त्या दुपारी चहा घेऊन मी उठले तेव्हा आबा दारापर्यंत आले. निवडलेल्या कापसाचे तंतू त्यांच्या हाताला चिकटलेले होते, ते झटकत म्हणाले,

"बाई, काम मातर तुमचं लई चांगलं झालं हुतं त्या दिवशी. दुसऱ्या कुनाचं नाव असतं, तर मीबी हसलो असतो."